गावाकडच्या घरातील जुने फर्निचर कोणाला द्यावे? केळापूर तालुक्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात, पांढरकवड्याच्या बाजारपेठेपासून बऱ्याच आत असलेल्या एका गावात, एका शेतकरी कुटुंबाचे माडीचे जुने घर होते. वडील पूर्वीच वारले होते आणि आई त्या वर्षी पौषात गेली. थोरला मुलगा नागपूरला नोकरीत, धाकटा पुण्यात आणि मुलगी लग्नानंतर अमरावतीला, अशी स्थिती होती. शेती मक्त्याने दिलेली होती व घरात राहणारे कोणी उरले नव्हते, त्यामुळे घर शेजाऱ्यालाच विकण्याचे ठरले. जुने घर पाडून पावसाळ्यानंतर नवे बांधण्याचा शेजाऱ्याचा विचार असल्याने मे अखेर घर रिकामे करून ताबा द्यावयाचा होता. मृगाचा पाऊस पडला की काळ्या मातीतील पांदणीतून भरलेली गाडी निघत नाही, हे दोन्ही पक्षांना ठाऊक होते. प्रकरणातील व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव व काही तपशील येथे गाळले आहेत.

घरातील सामान एका शेतकरी घरात तीन पिढ्यांत साठावे तसे साठलेले होते. माडीवर दोन सागवानी पलंग, खाली प्लायवूडचा पेटीचा दिवाण, तीन लोखंडी कपाटे (त्यातील एकाची किल्ली कोणालाच सापडत नव्हती), जेवणाचे टेबल व खुर्च्या, ओसरीवरचे चार लांब बाक, कड्यांसह बंगई (झोपाळा), स्पंजचा सोफा, कापसाच्या गाद्या, कूलर, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पोटमाळ्यावर रचून ठेवलेल्या सागवानी फळ्या. याशिवाय आईच्या अखेरच्या आजारपणात घेतलेला, डोक्याकडून वर उचलता येणारा रुग्णाचा पलंग, चाकाची खुर्ची, वॉकर आणि कमोडची खुर्ची होती. जवळच्या मोठ्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर असल्यामुळे प्रस्तुत लेखकाकडे थोरल्या भावाने प्रथम विचारणा केली. त्याचा प्रश्न सरळ होता: भंगारात घालवायचे नाही, विकायचेही नाही, मग द्यायचे कोणाला?

अडचण

शहरात जुने फर्निचर देऊ इच्छिणाऱ्याला, अडचणी असल्या तरी, घरी येऊन सामान नेणारे कोणी ना कोणी मिळते. खेड्यात अशी सोय नसते. घ्यायला तयार असलेली संस्था दूर असते आणि जवळचे जे घेऊ शकतात त्यांच्याकडे ठेवायला जागा किंवा न्यायला वाहन नसते. पिकअपचे भाडे व हमाली यांची बेरीज केली की पुष्कळदा ती वस्तूच्या मोलापेक्षा जास्त भरते. मोबदल्यात आयकराची सवलत मिळेल, अशी धाकट्या भावाची समजूत होती. परंतु वस्तुरूपाने दिलेल्या देणगीला आयकरात वजावट मिळत नाही, हे त्याच्या हिशेबनीसाने स्पष्ट केले आणि तो विषय तिथेच संपला.

दुसरी अडचण मालकीची होती आणि ती उशिरा लक्षात आली. सामान आईच्या नावाचे, आणि मृत्युपत्र केलेले नव्हते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार विधवा स्त्रीच्या मागे मुलगे व मुली यांचा हक्क सारखाच असतो. असे असताना दोघा भावांनी यादी केली, वाटपाचे बोलणे सुरू केले आणि बहिणीला त्यानंतर फोन केला. तिने कशालाच हरकत घेतली नाही, फक्त एवढेच म्हटले, "दादा, बंगई कोणाला दिली ते मला गावच्या मावशीकडून कळलं." बंगई तोपर्यंत एका नातेवाइकाच्या घरी टांगलीही गेली होती. ती परत मागणे कोणालाच प्रशस्त वाटले नाही.

विचारात घेतलेले पर्याय

कुटुंबाच्या मनात प्रथम मोठ्या सेवाभावी संस्था होत्या. विदर्भात ही परंपरा जुनी आहे: वर्ध्याजवळचे दत्तपूरचे कुष्ठधाम, अमरावतीचे तपोवन, बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ उभे केलेले आनंदवन. दान म्हटले की आपल्याकडे हीच नावे पुढे येतात. आनंदवनाचा विचार काही काळ झाला. करंजी, मारेगाव, वणी या मार्गाने वरोरा गाठता येते. परंतु तेथे सुतारकाम व लोखंडकामासह अनेक हस्तोद्योग चालतात आणि संस्था स्वतः वस्तू घडवते, तेव्हा गाडीभर जुने कपाट-दिवाण तिथे नेऊन उतरवण्यापेक्षा त्या गाडीभाड्याइतकी रक्कम पाठवणे अधिक उपयोगाचे ठरेल, असे लेखकाने सुचवले. थोरल्याला ते पटले. धाकट्याला मात्र वाटत होते की आईची वस्तू आईच्या नावाने कुठेतरी दिसली पाहिजे, आणि ही भावना पुढे अनेक निर्णयांच्या आड आली.

भंगाराचा पर्याय सर्वांत सोपा होता. लोखंडी कपाटांना किलोप्रमाणे भाव सांगणारा माणूस दारात येऊन गेला होता, आणि शहरातील एक व्यापारी सागवानी पलंगांसाठी दोनदा फोन करून चुकला होता. सागवानाची मागणी पाहता तो पुन्हा फोन करील, यात शंका नव्हती.

जिल्हा परिषदेच्या शाळेचा विचार साहजिक होता. लोकसहभागातून मिळालेल्या वस्तूंना शिक्षक 'शैक्षणिक उठाव' म्हणतात आणि त्याची शाळेत कौतुकाने नोंद होते. परंतु मुख्याध्यापकांनी पाहुण्यांना चहा देऊन एक खोली उघडून दाखवली. तिच्यात मोडक्या बाकांचा ढीग छतापर्यंत गेलेला होता. शाळेने घेतलेली प्रत्येक वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढते, आणि एकदा चढली की निर्लेखनाची, म्हणजे नोंदीतून वगळण्याची, मंजुरी वरून आल्याशिवाय ती मोडली, कुजली तरी टाकता येत नाही. "दिलेल्याला नाही म्हणवत नाही, पण मग ते सांभाळायचं माझ्यावर येतं," असे ते म्हणाले. जुन्या फर्निचरच्या देणग्या सरकारी शाळांत का अडतात, हे त्या खोलीत पाहिल्यावर वेगळे समजवावे लागत नाही. जेवणाचे टेबल अंगणवाडीला देण्याची सूचनाही आली होती. तीन वर्षांच्या मुलाच्या हनुवटीपेक्षा उंच टेबल तिथे काय कामाचे, असे सेविकाबाईंनी हसून विचारले.

उरली ती घरे. गावात प्रधानमंत्री आवास योजनेची बरीच घरकुले झालेली आहेत आणि पलीकडे कोलामांचा पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, आहे. गरज तिथे होती, यात वाद नव्हता. पण या योजनेत घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट ठरलेले आहे, आणि पुष्कळ घरकुले त्याच्या आसपासच असतात. सहा बाय साडेसहा फुटांचा पलंग त्यातले ३९ चौरस फूट खातो. दिवसा ज्या जागेत मुले अभ्यास करतात, पाहुणा बसतो आणि कापूस वेचून आणला की काही दिवस त्याचा ढीग पडतो, तिथे रात्रीपुरत्या पलंगाला कायमची जागा देणे परवडत नाही. एका बाईने पलंगाभोवती फिरून, हाताने पाटी दाबून पाहून सांगितले, "पलंग चांगला हाये दादा, पण ठेवाले जागा पायजे ना!"

पहिला प्रयत्न

ताब्याची तारीख जवळ येत होती. एका शनिवारी धाकट्या भावाने ग्रामपंचायतीच्या फलकावर सूचना लावली आणि गावाच्या मोबाइल गटावरही टाकली: रविवारी सकाळी ज्यांना हवे त्यांनी यावे व सामान न्यावे. हेतू चांगला होता, वेळ मात्र चुकीची होती. उन्हाळ्यात मजुरीला जाणारी माणसे पहाटेच निघून जातात, कारण अकरानंतर शेतात उभे राहवत नाही. घरी होते ते ट्रॅक्टर बाळगणारे. कूलर सर्वांत आधी गेला (वैशाखातल्या विदर्भात दुसरे काय अपेक्षित होते?), पाठोपाठ प्लास्टिकच्या खुर्च्या, जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या आणि एक चांगले कपाट गेले. ज्या माणसाने सालदार म्हणून या घरी उभे आयुष्य काढले, तो संध्याकाळी आला तेव्हा त्याच्या वाट्याला सोफा उरला होता, आणि त्याच्या स्पंजात उंदरांनी घर केलेले होते. तो काही बोलला नाही. पण त्याच्या बायकोने दुसऱ्या दिवशी विहिरीवर जे बोलायचे ते बोलून घेतले आणि दुपारपर्यंत ते भावांच्या कानावर आले.

हा या प्रकरणातील कळीचा क्षण म्हणावा लागेल. यापुढे दोन वाटा होत्या. उरलेले सामान एकदम व्यापाऱ्याला देऊन मोकळे होणे ही एक. दोघे भाऊ त्या संध्याकाळी जवळजवळ तिथवर आलेही होते. दुसरी वाट हळूहळू चालण्याची होती: एकेक वस्तू घ्यायची, ती नेमकी कोण वापरील हे शोधायचे, त्याला घरी बोलावून वस्तू दाखवायची आणि नको म्हणण्याची मोकळीक ठेवायची. शेजाऱ्याने ताबा पंधरवडाभर पुढे ढकलण्यास मान्यता दिली, म्हणून दुसरी वाट शक्य झाली. त्याने ती दिली नसती तर हे टिपण लिहिण्याजोगे काही राहिले नसते.

काय केले

आधी गावच्या वाढईला (सुताराला) बोलावून सामानाची पाहणी केली. त्याने पेचकसाच्या मुठीने पलंगाचे पाय, बाकांच्या पाट्या, दिवाणाची चौकट ठोकून पाहिली. भरीव आवाज आला की पुढे, पोकळ आला की थांबून टोकाने खरवडायचे. सागाचे गाभ्याचे लाकूड उधईला (वाळवीला) सहसा दाद देत नाही, बाहेरचे पांढरट लाकूड मात्र पोखरले जाते. पलंगांच्या एका बाजूच्या पाट्यांत असे पांढरे लाकूड होते आणि तिथे भुसा गळत होता. दिवाणाचे प्लायवूड ओलीने फुगलेले होते. वाढईने त्याच्यावर पाय ठेवला आणि काही न बोलता पुढे गेला. दिवाण आणि सोफा कोणालाही देऊ नये, असे तिथेच ठरले. नको असलेली वस्तू गरिबाच्या दारात नेऊन टाकणे म्हणजे आपले भंगार दुसऱ्याच्या खर्चाने हलवणे होय, असे लेखकाचे मत आहे, आणि ते या घरात मान्य झाले.

ओसरीवरच्या चार बाकांना जागा अनपेक्षित ठिकाणी सापडली. गावातील आरोग्य उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी आया लेकरांना घेऊन वऱ्हांड्यात जमिनीवर बसत. आरोग्य सेविका स्वतः येऊन बाक पाहून गेल्या, वितीने त्यांची रुंदी मोजली आणि पाठीचे दोन बाक नाकारून बिनपाठीचे दोन मागितले. पाठीचा बाक भिंतीला टेकत नाही, वाट अडवतो, आणि लस दिल्यावर लेकराला आडवे करायचे तर बिनपाठीचाच बरा, हे त्यांचे कारण होते. आमच्यापैकी कोणाच्याही हे ध्यानात आले नसते. उरलेले दोन बाक समाजमंदिरातील अभ्यासिकेत गेले. तेथे पोलीस भरती व तलाठी परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली सतरंजीवर बसून अभ्यास करीत. जेवणाचे टेबलही तिथेच गेले.

दोन कपाटे वाचनालयाने घेतली. एकाची किल्ली नसल्याने कुलूप बदलावे लागले. आत आईच्या लग्नातला, पानसुपारीचे डाग पडलेला शेला निघाला, तो मुलीकडे पोचता केला. रुग्णाचा पलंग, चाकाची खुर्ची, वॉकर व कमोडची खुर्ची कोणा एकाला न देता वाचनालयात रुग्णोपयोगी साहित्य म्हणून ठेवावी, थोडी अनामत घेऊन गरजूला वापरायला द्यावी आणि काम झाले की परत घ्यावी, असा ठराव कार्यकारिणीने केला. लकवा मारलेल्या किंवा खुब्याचे हाड मोडलेल्या माणसासाठी घरचे लोक अशा वस्तू यवतमाळहून भाड्याने आणतात, हे ज्यांनी घरी पाहिले आहे त्यांना या निर्णयाचे वेगळे समर्थन नको होते.

सागवानी पलंगांचे प्रकरण लांबले. दोन्हींपैकी एक आईच्या खोलीतला. तो तीन घरांना दाखवला आणि तिन्ही घरांनी नम्रपणे नाकारला. जागेचे कारण सर्वांनी दिले. खरे कारण एका म्हाताऱ्याने सांगितले, की गेलेल्या माणसाचा पलंग घरच्या बाया आत येऊ देणार नाहीत. दिवसकार्यात शय्यादान करण्याची रीत ज्या समजुतीतून येते तीच ही समजूत. विशेष असे की आईचे अखेरचे महिने त्या पलंगावर गेलेच नव्हते. ते गेले रुग्णाच्या लोखंडी पलंगावर, आणि तो मात्र गावाने जराही का-कू न करता स्वीकारला. दवाखान्याची वस्तू ही मुळातच अनेकांची, तिला एका माणसाचा स्पर्श चिकटून राहत नाही, असा काहीसा भाव त्यामागे असावा. थोरल्या भावाला अंधश्रद्धा म्हणून या नकाराचा राग आला. पण ज्याच्या घरात वस्तू राहणार त्याच्या मनाला ती पटली पाहिजे, वाद जिंकून दिलेला पलंग परसात पावसात पडून राहतो, हे लेखकाने त्याला सांगितले.

शेवटी वाढईनेच तोड काढली. पलंग उकलून, पोखरलेल्या पाट्या काढून टाकून, पोटमाळ्यावरच्या फळ्यांची भर घालून अभ्यासिकेसाठी दोन लांब मेजे करायची. बहिणीला आधी विचारले. ती हो म्हणाली. ज्या लाकडाला तीन घरांनी नकार दिला होता त्याच लाकडाच्या मेजांवर आता त्याच घरांतली मुले वह्या ठेवतात, आणि कोणी काही म्हणत नाही. दुसरा पलंग निम्म्या रुंदीचा करून सालदाराला दिला. नुसता घेणार नाही, असे तो म्हणाला म्हणून वाढईच्या मजुरीतील काही भाग त्याने दिला आणि तसे चिठ्ठीवर लिहून घेतले.

फळ्यांबाबत एक काळजी घेतली. काही फळ्या नागपूरला नेण्याचे थोरल्याच्या मनात होते. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील इमारती लाकडाच्या व्याख्येत कापलेले व घडवलेले लाकूडही येते आणि त्याच्या वाहतुकीवर राज्य शासन नियम करू शकते. सागवानाच्या सुट्या फळ्या जुन्या घराच्या आहेत हे वाटेतल्या तपासणीत तोंडी सांगून भागत नाही. वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करून परवान्यासाठी कागदपत्रे जमवण्यापेक्षा फळ्या गावातच वापराव्यात, असे ठरले.

दिलेल्या प्रत्येक वस्तूची साधी चिठ्ठी केली: काय दिले, कोणाला दिले, तिघा भावंडांच्या सह्या. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२३ प्रमाणे जंगम वस्तूचे दान ताबा देऊनही पूर्ण होते, त्यासाठी नोंदणी लागत नाही. चिठ्ठी कायद्यासाठी नव्हती. मालकाच्या घरचे कपाट मजुराच्या घरी दिसले की गावात पहिला संशय कोणावर येतो, ते सर्वांना माहीत असते.

'स्मरणार्थ सप्रेम भेट' हा मजकूर वस्तूंवर रंगवावा, असा धाकट्याचा आग्रह होता. उपकेंद्रातील बाकांवर व वाचनालयाच्या कपाटांवर तो रंगवला. सालदाराच्या पलंगावर रंगवू नये, यावर बरीच चर्चा झाली. ज्या वस्तूवर दात्याच्या आईचे नाव आहे ती उद्या गरजेला विकता येत नाही, मोडली तर जाळता येत नाही, आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्यापुढे तिची कहाणी सांगावी लागते. बहिणीने धाकट्याची समजूत काढली. फोटोही घरोघरी काढले नाहीत.

निष्पत्ती

ताबा वाढीव मुदतीत दिला गेला. दिवाण व सोफा भंगारात गेले. गाद्यांचा कापूस उन्हात घालून, पिंजून घेतला व त्याच्या लहान गाद्या अभ्यासिकेतल्या बाकांसाठी शिवल्या. त्यातल्या निम्म्याच वापरात आहेत, कारण उन्हाळ्यात त्यांच्यावर कोणी बसत नाही. उपकेंद्रातील एका बाकाचा पाय पावसाच्या झडीत भिजून सैल झाला होता. तो सेविकेने स्वतःच्या पैशांनी बसवून घेतला. वाचनालयातील एक कपाट भिंतीच्या ओलीमुळे मागून गंजले आहे. चाकाची खुर्ची क्वचितच वाचनालयात उभी दिसते.

वेगळे काय करता आले असते

भावांनी यादी करण्याआधी बहिणीला गावी बोलावले असते तर बंगईचा सल राहिला नसता. जाहीर सूचना द्यायचीच होती, तर सामान पाहण्याची वेळ संध्याकाळची ठेवून, दोन दिवस मागण्या नोंदवून घेऊन, मग वाटप करता आले असते. आधी येईल त्याला आधी, हा नियम दिसायला निःपक्षपाती असला तरी ज्याच्याकडे वाहन व मोकळी सकाळ आहे त्याच्याच बाजूने तो झुकतो. गाडीभाड्याची तरतूदही पहिल्याच दिवशी बाजूला काढायला हवी होती. पोडावरील एका कुटुंबाला कपाट हवे होते, पण ते न्यायला ट्रॅक्टर मिळेपर्यंत पहिला रविवार उलटून गेला आणि ते कपाट गावातच राहिले.

शाळेचा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळता आला असता, असेही लेखकाला वाटते. शाळेला नवी वस्तू देण्याऐवजी आधीच नोंदवहीत असलेले मोडके बाक दुरुस्त करून देण्याचा प्रस्ताव त्याच वेळी मांडता आला असता. त्यात निर्लेखनाचा प्रश्नच उद्भवत नाही. तो प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीपुढे दिवाळीनंतर ठेवला गेला. उरलेल्या सागवानी फळ्या, वाढईची मजुरी तिघा भावंडांकडून, आणि खिळे-पेच शाळेकडून, असे ठरले आहे. खोलीतल्या ढिगातून जोडता येण्याजोगे बाक वाढईने खडूने खुणा करून वेगळे काढले आहेत व काम उन्हाळी सुटीत सुरू होणार आहे.